सरकता तक्ता, स्थिर मथळा

शाळेतील बऱ्याच नोंदी आता संगणकावरील तक्त्यांत होतात. हजेरी, गुण, पोषण आहाराचा हिशेब, ग्रंथालयाची यादी, विज्ञान प्रयोगशाळेतील साहित्य अशी यादी लांबवता येईल. हे तक्ते एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क किंवा गूगल शीट्स यांसारख्या स्प्रेडशीट प्रणालींत तयार करतात. तक्ता लहान असेल तोवर अडचण येत नाही. पण तो पडद्यापेक्षा मोठा झाला की आपण खाली सरकतो आणि वरची मथळ्यांची ओळ नाहीशी होते. उजवीकडे सरकतो आणि विद्यार्थ्यांची नावे नाहीशी होतात. समोर उरतात ते निव्वळ आकडे. कोणाचे आणि कशाचे, हे मात्र कळत नाही.

यावर एक सोपा उपाय आहे. मथळे आणि नावे जागेवर खिळवून बाकीचा तक्ता सरकवता येतो, आणि त्यासाठी चार कळा पुरतात. त्या चार कळा कोणत्या, त्या दाबल्यावर संगणक नेमके काय करतो आणि कोठे फसगत होऊ शकते, हे या लेखात पाहू या.

आकड्याचा अर्थ मथळ्यात

एखाद्या कागदावर फक्त ‘३२’ असे लिहिलेले आहे. त्यावरून काय कळते? तापमान असेल, गुण असतील, पटसंख्या असेल किंवा हजेरी क्रमांकही असेल. आकड्याला अर्थ येतो तो तीन गोष्टींमुळे : तो कोणाचा, कशाचा आणि कोणत्या एककात. तक्त्यात पहिली गोष्ट ओळीच्या सुरुवातीला आणि उरलेल्या दोन स्तंभाच्या मथळ्यात असतात. मथळा म्हणजे शोभेची पट्टी नव्हे, तो आकड्याचाच अर्धा भाग आहे.

एकक सुटले तर काय होते, याचे एक महागडे उदाहरण अवकाशविज्ञानात आहे. मंगळाकडे निघालेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे अमेरिकेचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्यांचे आकडे एका गटाने पौंड-बल-सेकंदांत दिले होते. दुसऱ्या गटाने ते न्यूटन-सेकंद समजून वापरले. या दोन एककांत सुमारे ४.४५ पटींचा फरक आहे. ती चूक स्प्रेडशीटमधली नव्हती, पण तत्त्व तेच : आकडा बरोबर असतो, त्याच्यासोबतची ओळख हरवलेली असते.

शाळेतील तक्त्यात यान पडत नाही, पण विद्यार्थ्याचे नुकसान होऊ शकते. समजा, एका मुलीला गणितात ६१ आणि विज्ञानात ३२ गुण आहेत. भरताना हे दोन आकडे एकमेकांच्या जागी पडले. आता तिची एकूण बेरीज काढा. ती पहिल्याइतकीच येते, कारण ६१ अधिक ३२ काय किंवा ३२ अधिक ६१ काय, उत्तर ९३ च. म्हणजे आपण ज्या आडव्या बेरजेवर विश्वास ठेवतो, ती ही चूक पकडूच शकत नाही. मुलीला विज्ञानात मदत हवी असताना तिला गणिताच्या जादा तासाला बसवले जाईल आणि विज्ञानातील अडचण तशीच राहील. अशी चूक नंतर शोधून काढणे अवघड, म्हणून ती होतानाच टाळलेली बरी.

किती दिसते, किती लपते

आता प्रत्यक्ष एक तक्ता घेऊ. वर्गात ६० विद्यार्थी आहेत. विषय आठ. प्रत्येक विषयाला तोंडीकाम, चाचणी, प्रकल्प, लेखी परीक्षा आणि एकूण असे पाच स्तंभ. म्हणजे गुणांचे स्तंभ ४०. त्यांच्या डावीकडे हजेरी क्रमांक आणि नाव असे दोन. वर तीन ओळी मथळ्यांच्या : पहिलीत शाळा व इयत्ता, दुसरीत विषय, तिसरीत तोंडीकाम, चाचणी वगैरे. एकूण ६३ ओळी आणि ४२ स्तंभ. तक्त्यातील एका घराला सेल म्हणतात. आपल्या तक्त्यात गुणांचेच सेल ६० × ४० = २,४०० आहेत.

समजा, आपल्या पडद्यावर एका वेळी २५ ओळी आणि १४ स्तंभ मावतात. (सोयीसाठी सर्व स्तंभ सारख्याच रुंदीचे धरू.) मग पूर्ण तक्ता पाहायला उभे तीन आणि आडवे तीन असे ९ पडदे लागतील. यांपैकी अगदी पहिल्या पडद्यावर नावे आणि मथळे दोन्ही दिसतात. दोन पडद्यांवर फक्त मथळे, दोन पडद्यांवर फक्त नावे. उरलेल्या चार पडद्यांवर नावही नाही आणि मथळाही नाही!

अशा पडद्यावर ‘एक्स५०’ या सेलमध्ये १४ हा आकडा दिसला तर तो कोणाचा? ओळ ५० मधून मथळ्याच्या तीन ओळी वजा करा : हजेरी क्रमांक ४७. ‘एक्स’ हे चोविसावे अक्षर, त्यातून दोन वजा करा : २२. पाच-पाचचे गट पाडले तर हा पाचव्या विषयाचा दुसरा स्तंभ. पाचवा विषय विज्ञान असेल तर ही विज्ञानाची चाचणी. एका आकड्यासाठी एवढा हिशेब कोणीही करत नाही. आपण वर जाऊन मथळा पाहतो, लक्षात ठेवतो आणि खाली येतो.

अडचण आहे ती या ‘लक्षात ठेवण्यात’. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली लिहिले की आपली तात्पुरती स्मृती एका वेळी सुमारे सात गोष्टी धरू शकते. पुढे नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये दाखवून दिले की ही मर्यादा चारच्या आसपास धरणे अधिक योग्य. नाव, विषय, परीक्षेचा प्रकार आणि भरायचा आकडा या झाल्या चार गोष्टी. तेवढ्यात कोणी दाराशी येऊन ‘बाई, खडू हवा होता’ म्हणाले की एखादी गोष्ट निसटते. तेव्हा लक्षात ठेवण्याचे काम माणसाकडून काढून पडद्यावर टाकणे हाच खरा उपाय.

खिडकी आणि कागद

संगणकात मथळा स्थिर राहतो तो कसा? एक मोठा छापील तक्ता टेबलावर पसरलेला आहे असे समजा. त्यावर पुठ्ठ्याची एक चौकट ठेवली आहे. चौकटीतून दिसेल तेवढाच भाग आपल्याला दिसतो. पडदा म्हणजे ही चौकट. आपण ‘तक्ता सरकवतो’ असे म्हणतो, तेव्हा संगणक तक्ता हलवत नाही. चौकटीचा वरचा-डावा कोपरा तक्त्याच्या कोणत्या सेलवर आहे, एवढीच नोंद बदलतो.

मथळे खिळवण्याची आज्ञा दिली की या एका चौकटीचे चार भाग होतात. वरचा डावा कोपरा अजिबात हलत नाही. वरचा उजवा भाग, जेथे मथळे आहेत, तो फक्त डावीकडे-उजवीकडे सरकतो. खालचा डावा भाग, जेथे नावे आहेत, तो फक्त वर-खाली सरकतो. गुणांचा मुख्य भाग दोन्ही दिशांना सरकतो. मथळे आणि गुण आडवे सरकतात ते एकाच वेळी, नावे आणि गुण उभे सरकतात तेही एकाच वेळी. त्यामुळे प्रत्येक आकड्याच्या वर त्याचाच मथळा आणि डावीकडे त्याचेच नाव राहते.

याची किंमत काय? पडद्यावरच्या २५ ओळींपैकी तीन आणि १४ स्तंभांपैकी दोन कायमचे अडकले. गुणांसाठी उरले २२ × १२ = २६४ सेल. एरवी ३५० दिसले असते. म्हणजे ८६ सेलची जागा गेली. संपूर्ण तक्ता पाहायला ९ ऐवजी १२ पडदे लागतील. पण त्या बाराही पडद्यांवर प्रत्येक आकड्याची ओळख सोबत असेल.

एक्सेल ही मांडणी फाईलमध्ये कशी साठवते, तेही पाहण्यासारखे आहे. तेथे एवढेच नोंदलेले असते की डावीकडचे स्तंभ २, वरच्या ओळी ३, स्थिती गोठलेली. तक्त्यातील एकाही आकड्याला धक्का लागत नाही. त्यामुळे ही आज्ञा निर्धास्तपणे देऊन पाहावी.

कळांची मालिका

या आज्ञेचे नाव ‘फ्रीझ पेन्स’. तिचा नियम एकच : कर्सर ज्या सेलवर असेल, त्याच्या वरच्या सर्व ओळी आणि डावीकडचे सर्व स्तंभ गोठतात. आपल्या तक्त्यात तीन ओळी आणि दोन स्तंभ गोठवायचे आहेत. म्हणून कर्सर तिसऱ्या स्तंभात चौथ्या ओळीवर, म्हणजे ‘सी४’ वर हवा. गुण जेथून सुरू होतात तो पहिला सेल, असे लक्षात ठेवले तरी चालेल.

विंडोजवरील एक्सेलमध्ये कृती अशी करावी :

१. कंट्रोल दाबून धरून होम दाबा. कर्सर तक्त्याच्या सुरुवातीला येईल.

२. बाणाच्या कळांनी ‘सी४’ वर या.

३. ऑल्ट दाबून सोडा. वरच्या पट्टीवर प्रत्येक विभागाशेजारी एक इंग्रजी अक्षर उमटेल.

४. डब्ल्यू दाबा. ‘व्ह्यू’ हा विभाग उघडेल.

५. एफ दाबा, आणि पुन्हा एकदा एफ दाबा.

या कळा एकत्र दाबायच्या नाहीत, एकामागून एक दाबायच्या. मराठी टंकलेखन चालू असेल तर आधी कळफलक इंग्रजीवर आणावा. आता तक्त्यात एक बारीक रेघ दिसेल. खाली-उजवीकडे सरकून पाहा. मथळे आणि नावे जागेवर राहतील.

फक्त वरची एकच ओळ गोठवायची असेल तर शेवटच्या एफऐवजी आर, आणि फक्त पहिला स्तंभ गोठवायचा असेल तर सी. या दोन आज्ञा एकत्र चालत नाहीत. दुसरी दिली की पहिली रद्द होते. ओळ आणि स्तंभ दोन्ही हवे असतील तर ‘बी२’ वर जाऊन ऑल्ट, डब्ल्यू, एफ, एफ हीच मालिका वापरावी. गोठवलेले सोडवण्यासाठीही हीच मालिका.

लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये ‘व्ह्यू’ मेनूत ‘फ्रीझ रोज अँड कॉलम्स’ ही आज्ञा आहे आणि कर्सरचा नियमही तोच आहे. गूगल शीट्समध्ये ‘व्ह्यू’ मेनूतील ‘फ्रीझ’ मध्ये किती ओळी आणि किती स्तंभ ते वेगवेगळे निवडावे लागते. क्रोममध्ये ऑल्ट आणि व्ही एकत्र दाबले की तो मेनू उघडतो. पुढे बाणाच्या कळा वापराव्यात.

माउसने हे काम होत नाही का? होते. पण वर्गात ४० मुलांना ‘तिकडे वर उजवीकडे, नाही, त्याच्या शेजारी’ असे सांगत बसण्यापेक्षा फळ्यावर चार अक्षरे लिहिणे सोपे. कळांची मालिका बोलून सांगता येते, वहीत उतरवता येते. अंध शिक्षक आणि विद्यार्थी तर संगणक कळफलकावरूनच चालवतात. त्यांच्यासाठी पडद्यावरचा मथळा उपयोगाचा नाही. पण एनव्हीडीए या मोफत पडदावाचक प्रणालीला मथळ्याची ओळ कोणती ते एकदा सांगून ठेवता येते. मग प्रत्येक आकड्याआधी ती मथळा वाचून दाखवते.

अडते कोठे?

पहिली अडचण : तक्ता आधीच खाली सरकलेला असताना आज्ञा दिली जाते. समजा, पडद्यावर सर्वांत वर ओळ २० आहे आणि आपण ‘सी२३’ वर उभे राहून आज्ञा दिली. मग २० ते २२ या ओळी गोठतात आणि १ ते १९ या ओळींपर्यंत सरकून जाताच येत नाही. नोंदी पुसल्या गेल्या असे वाटून घाबरायला होते. त्या पुसलेल्या नसतात. गोठवणे रद्द करावे, कंट्रोल-होमने वर जावे आणि पुन्हा आज्ञा द्यावी.

दुसरी : कर्सर ‘ए१’ वर असताना आज्ञा दिली जाते. त्या सेलच्या वर किंवा डावीकडे काहीच नसते, म्हणून एक्सेल पडद्याच्या साधारण मध्यावरच रेघ ओढते.

तिसरी : आज्ञा फिकट दिसते, चालत नाही. बहुधा एखाद्या सेलमध्ये लिहिणे अर्धवट राहिलेले असते, एस्केप दाबावे. किंवा ‘पेज लेआउट’ हे दृश्य चालू असते. तेथे गोठवता येत नाही. ऑल्ट, डब्ल्यू, एल दाबून नेहमीच्या दृश्यात यावे.

चौथी अडचण मांडणीतच असते. विषयाचे नाव पाच स्तंभांवर सेल जोडून मधोमध लिहिण्याची पद्धत आहे. कागदावर ते छान दिसते. पण पडदा आडवा सरकला की त्या नावाचा अर्धा भाग रेघेखाली जातो आणि ‘तोंडीकाम, चाचणी’ एवढेच उरते. त्यापेक्षा प्रत्येक स्तंभाला ‘विज्ञान चाचणी (२०)’ असा स्वतंत्र मथळा द्यावा. कंसातले एकूण गुण हे त्या आकड्याचे एकक समजा. आम्ही संशोधकही प्रयोगाच्या नोंदी अशाच ठेवतो : राशी, एकक आणि मथळ्याची एकच ओळ.

मथळ्याची एकच ओळ ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे. तक्त्यात कोठेही उभे राहून कंट्रोल आणि टी दाबले की एक्सेल त्या भागाला ‘टेबल’ मानते. मग खाली सरकल्यावर ए, बी, सी या अक्षरांच्या जागी आपले मथळेच दिसू लागतात. मात्र नावांचा स्तंभ यामुळे स्थिर होत नाही. त्यासाठी गोठवणेच हवे.

गोठवल्याने काय होत नाही?

गोठवणे म्हणजे कुलूप नव्हे. मथळ्याच्या सेलमध्ये कोणीही लिहू शकतो, मजकूर पुसूही शकतो. तो केवळ पाहण्याच्या सोयीसाठीचा बदल आहे.

छपाईवरही त्याचा परिणाम होत नाही. पडद्यावर मथळे दिसत असले तरी छापील दुसऱ्या पानावर ते येणार नाहीत. त्यासाठी ऑल्ट, पी, आय या कळांनी ‘प्रिंट टायटल्स’ उघडावे आणि प्रत्येक पानावर कोणत्या ओळी व कोणते स्तंभ पुन्हा छापायचे ते सांगावे. निकालपत्रक सहीसाठी पुढे पाठवण्यापूर्वी हे आवर्जून करावे. दुसऱ्या पानावर सही करणाऱ्यालाही मथळा दिसायला हवा.

या कळा आल्या कोठून?

स्प्रेडशीटचा जन्म एका वर्गातच झाला असे म्हणायला हरकत नाही. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हे हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकत होते. तेथे फळ्यावर आकड्यांचे मोठे तक्ते मांडले जात. त्यातील एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा लिहावे लागे. हा फळा आपोआप पुसून पुन्हा लिहिणारा असता तर, या विचारातून ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी १९७९ मध्ये ‘व्हिसिकॅल्क’ आणले. त्यात २५४ ओळी आणि ६३ स्तंभ होते. पण ज्या ॲपल-२ संगणकावर ते चाले, त्याच्या पडद्यावर एका ओळीत ४० अक्षरेच मावत. साहजिकच मथळे नजरेआड होण्याचा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता आणि उत्तरही पहिल्यापासून होते. तिरकी रेघ, टी आणि मग आडव्यासाठी एच, उभ्यासाठी व्ही किंवा दोन्हींसाठी बी, अशी ती मालिका होती.

१९८३ मध्ये आलेल्या ‘लोटस १-२-३’ नेही तिरक्या रेघेने आज्ञा सुरू करण्याची रीत चालू ठेवली. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आले. २००७ पूर्वीच्या आवृत्त्यांत गोठवण्याची आज्ञा ‘विंडो’ मेनूत होती आणि ऑल्ट, डब्ल्यू, एफ दाबून देता येई. जुन्या बोटांना वळण तेच राहिले. विंडोजवरील एक्सेलमध्ये मूळ मांडणी बदललेली नसेल, तर ऑल्टऐवजी तिरकी रेघ दाबूनही ही मालिका सुरू करता येते. दरम्यान तक्ता मात्र अफाट वाढला : २००७ पासून एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ स्तंभ आहेत. पडदा त्या मानाने फारसा वाढलेला नाही, आणि आपली तात्पुरती स्मृती तर मुळीच नाही.

वर्गात करून पाहा

मथळे स्थिर ठेवल्याने चुका खरोखर कमी होतात का? आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापेक्षा नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून प्रयोग करून घ्यावा.

६० ओळी आणि ४० स्तंभांचा काल्पनिक नावांचा आणि गुणांचा तक्ता तयार करा. ‘अमुक विद्यार्थ्याचे भूगोल प्रकल्पाचे गुण किती?’ अशा दहा प्रश्नांचे दोन संच करा. दोन्ही संच सारखेच अवघड हवेत. अर्ध्या विद्यार्थ्यांनी पहिला संच मथळे मोकळे ठेवून आणि दुसरा संच मथळे गोठवून सोडवावा. उरलेल्या अर्ध्यांनी याच्या उलट क्रमाने. प्रत्येक वेळी लागलेला वेळ सेकंदांत आणि चुकांची संख्या नोंदवावी.

क्रम उलटा का ठेवायचा, हा प्रश्न विद्यार्थ्यांनाच विचारावा. सगळ्यांनी गोठवलेला तक्ता दुसऱ्यांदाच वापरला तर झालेली सुधारणा सवयीमुळे की गोठवण्यामुळे, हे सांगता येणार नाही. क्रम उलटवल्याने सवयीचा परिणाम दोन्ही पद्धतींवर सारखाच पडतो. शोध वापरण्याची कंट्रोल-एफ ही पळवाट मात्र आधीच बंद करावी.

मिळालेल्या नोंदींचा तक्ता मुलांनीच संगणकावर करावा. त्यात ‘वेळ (सेकंद)’ आणि ‘चुका (१० पैकी)’ असे मथळे असावेत आणि नोंदी भरायला सुरुवात करण्यापूर्वी ऑल्ट, डब्ल्यू, एफ, एफ या कळा दाबून घ्याव्यात.